वाचक विचारतात : पहिला पगार हाती पडेपर्यंत

मराठवाड्यातून या वेळी आलेली बरीच पत्रं एकाच कामाबद्दल आहेत : तरुणांना काम मिळवून देणारी संस्था चालवायची कशी. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या संस्थेने जूनमध्ये रोजगार मेळावा घेतला. अकरा कंपन्या आल्या, १४० मुलांच्या हाती निवडीची पत्रं पडली, पेपरात फोटोही आला. दिवाळीला मोजलं तर कामावर फक्त २३ जण. पोरांना कष्ट नकोत, असं आता आमचेच कार्यकर्ते म्हणतात. खरंच तसं आहे का? – संस्थेचे अध्यक्ष, माजलगाव तालुका

उत्तर : कष्टाचं कारण सोडून द्या. ज्या पोराने आईबापाबरोबर उसाच्या फडात मोळ्या वाहिल्यात, त्याला आठ तासांची शिफ्ट जड जात नाही. अडतं ते पैशांच्या हिशेबात आणि त्याहून जास्त तारखांच्या हिशेबात.

निवडीच्या पत्रावर समजा १४,५०० लिहिलेत आणि ते सगळं मूळ वेतन आहे. त्यातून पीएफ (भविष्य निर्वाह निधी) १२ टक्के म्हणजे १,७४० जातात, ईएसआय (कामगार विमा) पाऊण टक्का म्हणजे १०९ आणि व्यवसाय कर २००. हातात येतात १२,४५१. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत चौघांनी मिळून खोली घेतली, भाडं आणि वीज डोईमागे १,८०० धरली, दोन वेळची मेस ३,००० आणि चहा-नाश्ता, रिचार्ज, गावची एक फेरी मिळून १,५००, तर उरतात ६,१५१. पोराने घरी सांगितलेलं असतं साडेचौदा हजार, आणि घरच्यांनी त्यातले दहा हजार सोसायटीच्या कर्जाला मनात लावून टाकलेले असतात. पहिल्या पगाराला फोनवर भांडण होतं आणि पुढच्या आठवड्यात पोरगं गावात दिसतं.

पण बरेच जण तोवरसुद्धा थांबत नाहीत. कित्येक ठिकाणी हजेरीचा महिना २१ तारखेपासून २० तारखेपर्यंत धरतात आणि पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला करतात. २२ जूनला रुजू झालेल्या मुलाला पहिला पैसा दिसतो ७ ऑगस्टला. हे झाले ४६ दिवस. तेवढ्यात खोलीचं डिपॉझिट, मेसचा ॲडव्हान्स, कुठे कुठे सेफ्टी शूजचे पैसे. घरून निघताना खिशात दोन हजार घेतलेलं पोर विसाव्या दिवशी काय करणार?

म्हणून मेळाव्याआधी प्रत्येक कंपनीकडून एक पान लिहून घ्या. कामावर घेणार कोणाच्या रोलवर, कंपनीच्या की गुत्तेदाराच्या. सगळं कापून हातात किती. हजेरीचा महिना कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. पगार कोणत्या तारखेला. बस कुठल्या चौकातून. कॅन्टीन, गणवेश, शूज यांचे किती कापणार. ओव्हरटाइम कायद्याप्रमाणे दुप्पट देणार की सरळ दराने. हे पान मुलांना मेळाव्याच्या दिवशी नाही, चार दिवस आधी घरी वाचायला द्या. जी कंपनी लिहून देत नाही तिला मेळाव्यात टेबल देऊ नका. अकराऐवजी चार आल्या तरी बिघडत नाही. फोटो थोडा रिकामा दिसेल इतकंच.

मेसचं काम संस्थेनेच करावं. कारखान्याजवळच्या एक-दोन मेसचालकांशी बोलून दीड महिन्याच्या उधारीची हमी द्या, त्याचा कार्यकारिणीत ठराव करून ठेवा आणि पहिल्या तीन पगारांत हप्ते बांधून द्या. मुलांच्या हातात रोख देऊ नका. व्याज तर अजिबात लावू नका, नाहीतर संस्थेची सावकारी सुरू झाली असा अर्थ निघतो. काही उधारी बुडणार, ती खर्चात आधीच धरून चाला.

मग फोन. रुजू झाल्याच्या पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी, पगाराच्या दुसऱ्या दिवशी, पुढे साठाव्या आणि नव्वदाव्या दिवशी. “कसं चाललंय?” असं विचारलं की “बरं चाललंय” एवढंच कळतं. विचारा, काल रात्री काय जेवलास आणि कुठे? सुपरवायझरचं नाव काय? या आठवड्यात शिफ्ट कोणती? ज्याला दहाव्या दिवशीही सुपरवायझरचं नाव सांगता येत नाही, तो त्या कारखान्यात अजून कोणाचाच झालेला नाही. त्याच्याकडे त्या रविवारी कोणीतरी जायला हवं. एका कार्यकर्त्याकडे अशी साठ-सत्तर चालू नावं पुरे. दोनशे दिली की फोन होत नाहीत, वहीत फक्त खुणा होतात.

तुमची जून ते दिवाळी ही मुदतच गळतीची आहे. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन काढणीला येतं, घरून बोलावणं येतं, पोरगं न सांगता चार दिवसांसाठी जातं आणि गुत्तेदार पाचव्या दिवशी त्या जागी दुसरा उभा करतो. रुजू होतानाच या सुटीचं कंपनीच्या एचआरशी (मनुष्यबळ विभागाशी) बोलून ठेवा. बहुतेक ठिकाणी आठवडाभर आधी अर्ज दिला की भागतं. आणि नोंदणीच्या फॉर्मवर एक रकाना वाढवा : घरात यंदा मुकादमाकडून उचल घेतली आहे का? घेतली असेल, तर आईबाप ऊसतोडीहून परत येईपर्यंत घर, म्हातारी माणसं आणि जनावरं त्या पोरावर आहेत. त्याचं नाव मार्चनंतरच्या यादीत ठेवा. त्याला ऑक्टोबरात पाठवून नंतर आळशी म्हणणं हा अन्याय आहे.

अहवालातून १४० हा आकडा काढून टाका. तीन आकडे लिहा : पत्र मिळाले, रुजू झाले, नव्वद दिवस टिकले. पहिल्या वर्षी तिसरा आकडा पाहून कार्यकारिणीत शांतता पसरेल. पसरू द्या.

प्रश्न : आम्ही पाच मित्र. गावोगावच्या मुलांना औद्योगिक वसाहतीत काम मिळवून देणारी संस्था काढायची आहे. नोंदणी कशी करायची? एक जण आपली दहा वर्षं बंद असलेली संस्था द्यायला तयार आहे, ती घ्यावी का? – वाचक, अंबड

उत्तर : पाचांचे सात व्हा. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात त्याच संस्थेची १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदणी होते आणि दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयातूनच होतात. सातही जण एका घरातले किंवा एका भावकीतले घेऊ नका. नोंदणी एखादवेळी होऊनही जाईल, पण पुढे देणगीदार पहिल्यांदा आडनावांची यादीच वाचतो.

संस्थेची घटना (नियमावली) टंकलेखकाकडून आयती घेतली की उद्देशांत वाचनालयापासून गोशाळेपर्यंत सगळं येतं आणि तुमचं मुख्य कामच राहून जातं. रोजगाराभिमुख कौशल्य प्रशिक्षण, नोकरीसाठी मार्गदर्शन व साहाय्य, कामासाठी बाहेरगावी गेलेल्या तरुणांची निवास-भोजनाची सोय, हे शब्द उद्देशांत असलेच पाहिजेत. मेसची हमी देताना नेमकं हेच कलम कामी येतं.

बंद संस्था घेण्याआधी धर्मादाय कार्यालयातून तिच्या परिशिष्ट एकचा उतारा काढा. त्यावर ज्यांची नावं आहेत तेच कायद्याने विश्वस्त. तुमच्या मित्राचं नाव त्यात आहे का ते बघा. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो. दहा वर्षांत कोणीच दिलेला नसेल, मधले दोघे वारले असतील आणि हिशेब तपासणीचे अहवालही गेले नसतील, तर ते निस्तरण्यात जेवढा काळ जाईल तेवढ्यात नवी संस्था उभी राहते. आमचं मत : घेऊ नका.

आयकराची १२एबी (संस्थेच्या उत्पन्नाला सूट) आणि ८०जी (देणगीदाराला सूट) ही नोंदणी लगेच करून टाका. नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, लोकांच्या तोंडी मात्र जुनेच आहेत. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ८०जीची सूट मिळत नाही, हे पावती पुस्तकाच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवा.

प्रश्न : एक गुत्तेदार म्हणतो, मुलं द्या, डोईमागे दोन हजार संस्थेला देतो. आम्हाला तर कार्यालयाचं भाडंही जड जातंय. घ्यावेत का? – सचिव, हिंगोली जिल्हा

उत्तर : मुलांकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, ही रेषा पक्की ठेवा. नोंदणी फी, फॉर्म फी, “चहापाण्याचे”, काहीच नाही. नोकरी लावतो म्हणून गावागावांत पैसे उकळून झालेले आहेत. शंभर रुपये घेतलेत तरी तुमची गणना त्यांच्यातच होणार.

काम देणाऱ्याकडून घेता येतात, पण बिल देऊन, बँकेतून, आणि सीएला आधी विचारून, कारण अशा उत्पन्नाचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. अट एकच घाला : पैसे मुलगा रुजू झाल्यावर नाही, नव्वद दिवसांनंतर. जो गुत्तेदार यावर हो म्हणतो त्याच्याशी पुढचं बोलणं होऊ शकतं. ही रक्कम मुलाच्या पगारातून कापली जाणार नाही हेही लेखी घ्या, कारण बऱ्याचदा ती तिथूनच निघते.

गुत्तेदाराकडे मुलं गेली असतील तर एक तपासणी कधी चुकवू नका. पीएफ पगारातून कापला म्हणजे तो भरला असं होत नाही. एका महिन्याचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायला हवा. महिनाअखेरीस मुलाला सरकारच्या उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडायला लावा. दोन महिने रकाना कोरा दिसला, तर पगारपत्रकाची प्रत घेऊन लेखी विचारा, आणि मूळ कंपनीलाही कळवा. गुत्तेदाराने भरलं नाही तर ती जबाबदारी शेवटी तिच्यावर येते आणि तिला ते ठाऊक असतं.

प्रश्न : आमची आयटीआय झालेली मुलं मुलाखतीत पडतात. इंग्रजी बोलण्याचा वर्ग लावावा का? – प्रशिक्षक, परतूर

उत्तर : फिटर-टर्नरच्या मुलाखतीत इंग्रजी नंतर. आधी टेबलावर व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) आणि धातूचा एक तुकडा ठेवतात. मुलगा म्हणतो “चोवीस पॉइंट सतरा”, आणि मुलाखत तिथेच संपते. व्हर्नियरचा शून्य मुख्य पट्टीवर २४च्या पुढे गेलाय आणि सतरावी रेघ जुळतेय, तर ५० भागांच्या व्हर्नियरवर एका भागाचे ०.०२ मिमी, म्हणजे १७ गुणिले ०.०२ बरोबर ०.३४, माप २४.३४. दुसरी चूक म्हणजे जबडे मिटवून शून्य जुळतो की नाही ते न पाहताच मोजायला लागणं. समोरचा माणूस नेमकं तेवढंच बघत असतो. एक व्हर्नियर, एक मायक्रोमीटर आणि भंगारातून आणलेले दहा निरनिराळे तुकडे घ्या. प्रत्येक मुलाने रोज दहा मापं लिहायची, पंधरा दिवस. सोबत साध्या ड्रॉइंगवरचं टॉलरन्स (मापात चालणारा कमी-जास्त फरक) वाचून “हा तुकडा पास की रिजेक्ट” हे सांगायला शिकवा. वर्गाची फी वाचेल.

प्रश्न : मुली तयार असतात, घरचे पाठवत नाहीत. – कार्यकर्ती, निलंगा तालुका

उत्तर : एकटी मुलगी पाठवू नका. एकाच गावच्या किंवा एकाच वर्गातल्या पाच-सहा जणी एका वेळी, एका कंपनीत, एका खोलीवर. रुजू होण्याआधी प्रत्येक घरातलं एक माणूस सोबत नेऊन खोली, मेस आणि बसथांबा दाखवून आणा. शक्यतो आईला न्या. एसटीत महिलांना अर्धंच तिकीट आहे, आणि गावी परतल्यावर बाकीच्या घरांना तीच सांगणार असते. बाप फाटकापाशी थांबून परततो. आई संडासाला कडी आहे का ते बघते.

तुम्ही स्वतः बघायचं ते असं : शिफ्ट सुटल्यावर बस नेमकी किती वाजता आणि खोलीपासून किती अंतरावर सोडते. रात्रपाळी असेल तर मुलीची लेखी संमती आणि दारापासून दारापर्यंत वाहन, दोन्ही हवीत. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३च्या कायद्याने अंतर्गत समिती असावी लागते. समितीच्या अध्यक्ष बाईंचं नाव एचआरला विचारा. सांगायला दोन मिनिटं लागली तर समिती कागदावरच आहे असं धरा. एक छोटा फायदाही आहे, तो घरी आवर्जून सांगा : २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही, म्हणून त्याच पगारात मुलीच्या हातात मुलापेक्षा दोनशे जास्त पडतात.

प्रश्न : वाळूज-शेंद्र्यात एवढे कारखाने, पण सीएसआरचं (कंपन्यांनी सामाजिक कामाला द्यायच्या निधीचं) विचारायला गेलं की एचआरवाले चहा पाजून वाटेला लावतात. – संस्थाचालक, पैठण

उत्तर : चहा पाजतात कारण निर्णय त्यांच्या हातात नसतो. तो बहुधा पुण्या-मुंबईच्या मुख्य कार्यालयात होतो. शिवाय प्रत्येक कारखान्याला सीएसआर लागू नाही. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक तरी हवं. लहान सुट्या भागांच्या कारखान्याकडे मागणं म्हणजे दोघांचाही वेळ घालवणं. तुमच्याकडे १२एबी आणि ८०जी, सीएसआर-१ ची (सीएसआरचा पैसा घेण्यासाठी लागणारी) नोंदणी आणि तीन वर्षांचं काम असायला हवं. पुढच्या वर्षाचा आराखडा ठरतो त्याआधी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत जा.

प्रस्तावात माणशी खर्च दाखवा, आणि तो टिकलेल्यांवर काढा. समजा एक कार्यकर्ता, पगार महिना १८,०००, प्रवास-फोन ४,०००, वर्षाचे २,६४,०००. त्याने १२० मुलं पाठवली, ७२ नव्वद दिवस टिकली, तर माणशी खर्च ३,६६७. पाठवलेल्यांवर काढला तर २,२०० दिसतो आणि कागदावर छान वाटतो, पण जाणता अधिकारी पुढचा प्रश्न विचारतोच. “प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांवर देत नाही” असं कोणी म्हणालं तर नम्रपणे सांगा की नियमातली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चाला आहे. मुलांमागे फिरणारा कार्यकर्ता हा या कामाचा मुख्य खर्चच आहे.

एचआरकडे मात्र जरूर जा, दुसऱ्या कामासाठी. ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस कायद्यानुसार २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात आणि मोजताना कंत्राटी माणसंही धरतात. चारशे माणसांच्या कारखान्यात किमान दहा. “आमच्या मुलांना नोकरी द्या” याऐवजी “तुमचे दहा अप्रेंटिस भरून देतो, कागदपत्रांसकट” असं म्हणालात की तोच एचआरवाला वही काढतो.

प्रश्न : पोलीस भरती आणि एमपीएससी सोडून मुलं दुसरं ऐकतच नाहीत. अठ्ठावीस वर्षांचे झालेत. – वाचक, कळंब

उत्तर : वाद घालू नका, तारीख ठरवा. कितवा प्रयत्न शेवटचा ते त्याच्याकडून, आईवडिलांसमोर, वदवून घ्या. तोवर सकाळी मैदान आणि दुपारनंतर अर्धवेळ काम चालू ठेवता येतं. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत १८ ते ३५ वयाला बारावीवर ६,०००, आयटीआय-पदविकेवर ८,०००, पदवीवर १०,००० महिना विद्यावेतन ठरवलेलं आहे. ती सुरुवातीला सहा महिन्यांची होती, पुढे अकरा झाली. पण ती नोकरी नव्हे, मुदत संपली की संपली, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. न सांगितल्याचा राग नंतर संस्थेवर निघतो.

प्रश्न : आधार, पॅन आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव वेगवेगळं आहे, त्यामुळे पीएफ अडतो. काय दुरुस्त करायचं? – वाचक, वसमत

उत्तर : गुणपत्रिकेवर आपल्याकडे आडनाव आधी छापतात, आधारवर शेवटी. नुसता क्रम बदललेला असेल तर घाबरू नका. स्पेलिंग किंवा जन्मतारीख वेगळी असेल तर आधार गुणपत्रिकेप्रमाणे करून घ्या, मग आधारप्रमाणे पॅन, मग बँक, याच क्रमाने. गुणपत्रिकेतच चूक असेल तर शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जावं लागतं. हिंगोली जिल्ह्याचं मंडळ छत्रपती संभाजीनगरला आहे, लातूरला नाही. आधारवर नाव आयुष्यात दोनदा आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, तेव्हा केंद्रावरच्या पडद्यावरचं स्पेलिंग मुलाने स्वतः, अक्षर न् अक्षर वाचल्याशिवाय अंगठा देऊ नये.